जुना थर उतरवताना

कारखान्याच्या, दवाखान्याच्या किंवा गोदामाच्या जमिनीला नवा रंग द्यायचा, नवं विनाइल चिकटवायचं किंवा इपॉक्सीचा थर ओतायचा असं ठरलं, की मालक पहिल्यांदा मागवतात ते रंगांचं कार्ड. करडा घ्यावा की हिरवा, चकचकीत बरा की मंद, यावर दोन-दोन बैठका होतात. खालचा जुना थर काढायचा कसा, हा विषय निघतो तो शेवटी, चहाचे कप उचलताना. 'त्यात काय, दोन माणसं लावू, खरवडून टाकतील,' असं म्हणून तो मिटतोही. जमिनींच्या दुरुस्तीच्या व्यवसायात तीस वर्षं काढल्यावर मी एवढं नक्की सांगू शकतो, की सहा महिन्यांत पोपडे निघालेल्या ज्या जमिनी मला दाखवायला नेलं गेलं, त्यातल्या बहुतेकांचं दुखणं या एका वाक्यात होतं. रंगात खोट क्वचितच असते. खोट असते ती रंगाखाली.

आधी जमीन समजून घेऊ. सिमेंटच्या जमिनीला आपण घरात कोबा म्हणतो. बांधकामवाले तिला आयपीएस म्हणतात, म्हणजे इंडियन पेटंट स्टोन. नावात स्टोन असला तरी तो दगड नव्हे. सिमेंट, वाळू आणि बारीक खडी यांचा थर घोटून गुळगुळीत केलेला असतो. डोळ्यांना तो घट्ट दिसतो, पण भाकरीच्या पापुद्र्यासारखी त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. रंग किंवा चिकटद्रव्य ओलं असताना या छिद्रांत शिरतं आणि आत घट्ट होतं. झाडाची मुळं मातीत धरतात, तशी ही पकड असते. छिद्रं जुन्या गोंदाने, तेलाने किंवा धुळीने बुजलेली असतील, तर नवा थर नुसता वर बसतो. पहिल्यांदा एखादी जड ट्रॉली कोपऱ्यावर वळली, की तो उचलला जातो.

यात आणखी एक भानगड आहे. कोबा घालताना पाणी जास्त झालं किंवा गवंड्याने फार वेळ घोटलं, की सिमेंटचा बारीक अंश पाण्याबरोबर वर येतो आणि दुधावरच्या सायीसारखा पातळ थर जमतो. ही साय दिसते सुंदर, पण तिच्यात जोर नसतो. पुष्कळदा जुना रंग निघतो तेव्हा त्याच्या पाठीला पांढरट भुकटी चिकटलेली असते. ती ही साय. रंगाने आपलं काम चोख केलेलं असतं, त्याने सायीला धरलेलं असतं. सायीने कोब्याला धरलेलं नसतं. म्हणून मी कुठल्याही जागी गेलो की आधी निघालेला पोपडा उलटा करून पाहतो. पाठ स्वच्छ असेल तर एक कारण, भुकटी असेल तर दुसरं, ओलसर आणि चिकट असेल तर तिसरं.

आता काढायचं नेमकं काय आहे, हे ओळखायला हवं. इथे घाई उपयोगाची नाही. आपल्याकडच्या जुन्या जमिनींवर साधारणपणे चार-पाच गोष्टी सापडतात. ऑइल पेंटचे एकावर एक दिलेले हात. इपॉक्सी. आपण ज्याला सरसकट लिनोलियम म्हणतो ते, पण बहुतेक वेळा खरं म्हणजे पीव्हीसीचं असलेलं शीट, आणि त्याखालचा रबरी 'सोल्युशन'चा पिवळा थर. कचेऱ्यांतल्या जुन्या कार्पेटखालचा फोम, जो पुढे पिठासारखा कुस्करतो. आणि जुन्या सरकारी इमारती, बँका, इस्पितळं यांतल्या छोट्या चौकोनी लाद्यांखाली डांबराचा काळा थर.

ओळखायची रीत सोपी आहे. एका कोपऱ्यात हातभर जागा घ्यायची आणि चार ठिकाणी चार गोष्टी करायच्या. एका जागी गरम पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवायचं. गोंद मऊ पडला तर तो पाण्याने सुटणाऱ्या जातीचा, आणि तुमचं निम्मं काम वाचलं. दुसऱ्या जागी नुसत्या पटाशीने खरवडून पाहायचं, की तो तुकड्यांनी उडतो, रबरासारखा ताणतो की लोण्यासारखा पसरतो. तिसऱ्या जागी धारदार सुरीने फुली मारून तिच्यावर चिकटपट्टी दाबायची आणि झटक्यात ओढायची. चौथ्या ठिकाणी हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकायचा. तडा गेलेलं मडकं जसं बद्द वाजतं, तसा आवाज आला तर कोबाच खालून सुटलेला आहे. मग रंगाची चर्चा थांबवून गवंड्याला बोलवायचं.

फुलीच्या परीक्षेत जुना इपॉक्सी जागचा हलला नाही, तर तो सगळा काढण्याचा हट्ट मी धरत नाही. त्याची चमक घासून मोडली, धूळ ओढून घेतली, तर त्याच्यावर नवा थर चांगला बसतो. बरे कंत्राटदारही बिल वाढतं म्हणून सगळं उकरायला लावतात आणि निरोगी कोब्याला विनाकारण जखमा करतात. गोंदाला मात्र ही सवलत नाही. मऊ राहिलेल्या गोंदावर कडक थर म्हणजे चिखलावर काच.

काळ्या थराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे प्रश्न जमिनीपुरता उरत नाही. विसाव्या शतकात जगभर विनाइलच्या लाद्यांमध्ये बळकटीसाठी ॲस्बेस्टॉसचे तंतू घालत. अमेरिकेत नऊ इंच चौरस मापाची जुनी लादी दिसली, की जाणता माणूस आधी हात मागे घेतो. आपल्याकडेही पीव्हीसी-ॲस्बेस्टॉस लाद्यांसाठी भारतीय मानक निघालं होतं, म्हणजे त्या इथे होत्या आणि वापरात होत्या. त्यांच्या खालच्या डांबरी चिकटद्रव्यातही हे तंतू असू शकतात. प्रत्येक काळ्या थरात ते असतातच असं नाही, पण नुसत्या डोळ्यांनी, वासाने किंवा हाताने ते कळत नाही. नखाएवढा तुकडा ओला करून, पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत दिला, की सूक्ष्मदर्शकाखाली कळतं.

ॲस्बेस्टॉस लादीत बांधलेलं असेपर्यंत गप्प असतं. तुम्ही लादी फोडली, घासली, कोरडी झाडली, की तंतू हवेत उठतात. ते फुप्फुसात जाऊन बसले तर दुखणं उद्या येत नाही. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी येतं. तोपर्यंत ते काम कुणाच्या साइटवर केलं होतं हे कामगारालाही आठवत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात निकाल देताना कामगाराचं आरोग्य हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो निकाल कारखान्यांच्या संदर्भात गाजला, पण जुनी लादी उखडणाऱ्या मजुरापर्यंत त्याची हवा पोचलेली मला फारशी दिसली नाही. म्हणून शंका असेल तर माझा सल्ला स्पष्ट असतो. लादी घट्ट असेल तर काढूच नका. तिच्यावर समतल थर देऊन ती झाका आणि इमारतीच्या कागदपत्रांत तशी नोंद ठेवा. काढणं भागच असेल, तर ज्यांच्याकडे त्याची साधनं आणि शिक्षण आहे त्यांनाच द्या. ग्राइंडर तिथे न्यायचाच नाही.

जुन्या रंगाचंही असंच एक गुपित असतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचे थर खरवडताना त्यात शिसं आहे असं धरूनच चालावं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर काम चालू असेपर्यंत त्यांची सोय दुसरीकडे करावी.

आता काढण्याच्या पद्धती. साइटवर मिस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, रॉकेल टाकू का? भसकन निघंल." तो खोटं बोलत नसतो. डांबर रॉकेलमध्ये, पेट्रोलमध्ये, डिझेलमध्ये विरघळतंच. पण विरघळून जातं कुठे, हे तो पाहत नाही. वर होतं ते दाट डांबर आता पातळ झालं आणि कोब्याच्या छिद्रांत खोल उतरलं. फडक्याने पुसल्यावर जमीन स्वच्छ दिसते. महिन्याभराने नव्या फिकट रंगातून तपकिरी डाग वर येतात आणि त्याच जागी थर सुटतो. वरून काढायला सोपी होती ती गोष्ट आपण आत घालून ठेवली, एवढंच झालं.

आगीचा धोका तर आहेच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पाण्यासारखी वाहते, खड्ड्यात, गटारात, शेजारच्या खोलीत जाऊन साचते. तिथे कुणी दिव्याचं बटण दाबलं किंवा फ्रिज आपोआप सुरू झाला, तर तेवढी ठिणगी पुरते. बंद गाळ्यात, शटर अर्धं ओढून, पेट्रोलने जमीन पुसणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना ओरडून बाहेर काढताना मालकाचा चेहरा पाहण्यासारखा होतो, कारण त्याच्या मते मी त्याचा दिवस वाया घालवत असतो.

दुकानात तयार मिळणाऱ्या रंग उतरवायच्या द्रवांतही एक नाव लक्षात ठेवा : मेथिलीन क्लोराइड. डब्यावर त्याचं दुसरं नावही असू शकतं, डायक्लोरोमिथेन. ते रंग झटपट फुगवतं यात वाद नाही. पण त्याची वाफ श्वासातून शरीरात गेली की शरीर तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार करतं, तोच वायू जो बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणाऱ्यांचा जीव घेतो. न्हाणीघरासारख्या कोंदट जागेत एकट्याने काम करणारे कारागीर यामुळे दगावले. अमेरिकेने २०१९ साली सामान्य ग्राहकांना असे रंग-उतरवे विकण्यावर बंदी घातली आणि २०२४ साली बहुतेक इतर वापरांवरही. तोंडाला N नव्हे तर कुठलाही धुळीचा मास्क लावला तरी या वाफेला तो अडवत नाही, हे मुद्दाम सांगतो. २०२० च्या कोविडपासून 'एन ९५' हा शब्द घराघरांत पोचला आणि तो सगळ्यावर चालतो असा समज झाला. तो कणांसाठी आहे. वाफेसाठी कोळशाच्या डब्या असलेला वेगळा मुखवटा लागतो, आणि त्याहून आधी उघड्या खिडक्या लागतात.

आणि ॲसिड? हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिकच्या बाटलीत मिळणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड हा आपल्याकडचा सर्व रोगांवरचा उपाय आहे. ते सिमेंट खातं, हे खरं. पण रंग, गोंद, डांबर, तेल यांना ते शिवतही नाही. म्हणजे जिथे गोंद आहे तिथे काही होत नाही आणि जिथे उघडा कोबा आहे तिथे खड्डा पडतो. शिवाय सिमेंटमधल्या चुन्याशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम क्लोराइड बनतं, जे हवेतली ओल ओढून घेतं. नीट धुऊन काढलं नाही, तर कोकणातल्या पावसाळ्यात ती जमीन कधी कोरडी होतच नाही.

मग उरतं काय? उरतं अंगमेहनतीचं आणि यंत्राचं काम. शीट असेल तर ते एकदम ओढू नये. सुरीने फूटभर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात आणि एकेक पट्टी गुंडाळत यावी. एकाने ओढावी, दुसऱ्याने लांब दांड्याच्या खरवडणीने खालून सोडवत जावी. गोंद जेवढा पात्याने निघेल तेवढा पात्यानेच काढावा. कंटाळवाणं काम आहे, पण इथे घालवलेला एक दिवस पुढे यंत्राचे दोन दिवस वाचवतो. पातं दर थोड्या वेळाने बदलावं. बोथट पात्याने माणूस दमतो आणि कोब्यावर ओरखडे पडतात.

जमीन गॅरेजची असेल आणि तिच्यात तेल मुरलेलं असेल, तर घासण्याआधी ते काढायला हवं. कपडे धुण्याच्या पावडरीसारखा क्षारयुक्त धुवणी-पदार्थ, कडक ब्रश, गरम पाणी, आणि हे दोन-तीनदा. आधी यंत्र फिरवलं तर तेच तेल सगळीकडे सारवलं जातं.

त्यानंतर ग्राइंडर. इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नेहमीची हिऱ्याची चकती उघड्या काँक्रीटसाठी उत्तम, पण गोंदावर ती निकामी ठरते. घासताना उष्णता होते, गोंद वितळतो, चकतीवर राप चढतो आणि हिऱ्याचे कण त्याखाली झाकले जातात. कामगार जास्त दाबतो, उष्णता वाढते, गोंद आणखी पसरतो. यासाठी पीसीडी नावाचे दाते मिळतात. त्यात हिऱ्याच्या कणांचा एकसंध तुकडा बसवलेला असतो आणि तो घासत नाही, तासतो. गोंद तुकड्यांनी उडतो. महाग असतात, पण भाड्यानेही मिळतात. मोठ्या गोदामासाठी शॉटब्लास्टिंगचं यंत्र सगळ्यात चांगलं. ते बारीक पोलादी छर्रे जमिनीवर मारतं, तेच छर्रे परत ओढून घेतं आणि धूळही सोबतच शोषतं. साय काढायला त्याच्यासारखं दुसरं नाही. जाड मऊ गोंदावर मात्र छर्रे चेंडूसारखे उसळतात.

किती खरखरीत करायचं याचंही माप आहे. इंटरनॅशनल काँक्रीट रिपेअर इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेने रबराचे दहा नमुने तयार केले आहेत. एक नंबर जवळजवळ गुळगुळीत, दहा नंबर अगदी ओबडधोबड. नमुना जमिनीशेजारी ठेवायचा आणि दोन्हींवरून बोट फिरवायचं. पातळ रंगाला एक ते तीन नंबर पुरतो, ओतायच्या समतल थराला चार ते सहा लागतो. पातळ रंग फार खरखरीत जमिनीवर दिला तर शिखरं उघडी राहतात. जाड थर गुळगुळीत जमिनीवर दिला तर त्याला धरायला काही नसतं.

आता धुळीविषयी, कारण हे भाषण द्यायचं मी कबूल केलं ते मुख्यतः यासाठी. साधा हिशोब करू. एक हजार चौरस फुटांच्या जमिनीवरून एक मिलिमीटर, म्हणजे नाण्याच्या जाडीपेक्षाही कमी थर काढला, तर निघणारी भुकटी दोनशे किलोंच्या वर जाते. सिमेंटच्या चार गोण्यांहून जास्त. ती सगळी हवेत उडाली तर काय होईल याची कल्पना करा. काँक्रीटमध्ये वाळू असते, वाळूत सिलिका असते. अमेरिकेच्या २०१६ सालच्या नियमानुसार कामगाराच्या श्वासातल्या हवेत, आठ तासांच्या सरासरीने, एका घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सिलिका असता कामा नये. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत ही मर्यादा गाठायला मिठाच्या वीस-पंचवीस दाण्यांच्या वजनाएवढी सूक्ष्म धूळ पुरते. एका बाजूला दोनशे किलो, दुसऱ्या बाजूला मिठाचे पंचवीस दाणे.

दिसते ती धूळ नाकात अडकते, खोकल्याबरोबर बाहेर येते. घातक असते ती न दिसणारी, केसाच्या जाडीहून कित्येक पट बारीक. ती फुप्फुसाच्या तळाशी जाते आणि तिथे व्रण करते. तो सिलिकोसिस. तो बरा होत नाही. फक्त आणखी धूळ टाळून त्याचा वेग कमी करता येतो. मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांमुळे आणि गुजरातेतल्या खंभातच्या अकीक घासणाऱ्यांमुळे आपल्या देशाला हा रोग नीट माहीत झाला. सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याची शक्यताही वाढते, आणि दोन्हींत खोकला, धाप, वजन घटणं सारखंच, त्यामुळे कित्येकांवर वर्षानुवर्षं नुसते क्षयाचे उपचार होत राहतात. डॉक्टरांनी 'काम काय करता' हे विचारलेलं नसतं आणि रुग्णाने सांगितलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली श्वासातून जाणारी स्फटिकी सिलिका कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकली.

आणि आपल्या साइटवर संरक्षण म्हणून काय असतं? तोंडाला बांधलेला रुमाल, तोही घामाने भिजलेला. ग्राइंडर धरणारा मुलगा विशीतला असतो, संध्याकाळी तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा होऊन बाहेर येतो आणि सगळे हसतात. मालकाने रंगाच्या बादलीवर हजारो रुपये घातलेले असतात. ग्राइंडरला जोडायचं धूळ ओढणारं आवरण आणि चांगल्या गाळणीचं व्हॅक्यूम 'परवडत नाही' म्हणून नसतं. मला हे पटत नाही, आणि माझ्या कामांतून मी दोन मोठी कंत्राटं यापायी सोडली आहेत. कोटेशन मागताना जुना थर काढण्याची आणि धूळ शोषण्याची रक्कम वेगळ्या ओळीत लिहून मागा. ती ओळ नसेल तर ती धूळ कुणाच्या तरी छातीत जाणार आहे.

पाणी मारून घासलं तर धूळ खूपच कमी होते. पण त्याचीही पथ्यं आहेत. विजेच्या यंत्राला गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी हवाच. निघणारा राडा तीव्र क्षारयुक्त असतो. तासन्‌तास पायाला लागला तर कातडी सोलते, म्हणून गमबूट. आणि तो गटारात सोडू नका, आत जाऊन तो सिमेंटच होतो. पिंपात साठवून गाळ बसू द्यावा. कोरड्या कामाला गाळणी असलेला मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसणारा हवा; दाढी असेल तर तो बसत नाही, हे सांगितल्यावर पोरं नाराज होतात.

एक अपवाद सांगितला पाहिजे. कोकणात, गोव्यात, जुन्या वाड्यांत तांबड्या कोब्यावर कुणीतरी मधल्या काळात शीट चिकटवलेलं असतं आणि आता नातवंडांना तो तांबडा कोबा परत हवा असतो. तिथे ग्राइंडर नेऊ नका. त्यातला रंगीत थर वरच्या काही मिलिमीटरचाच असतो. यंत्र दोनदा फिरलं की खालचा करडा दिसतो आणि तो पुन्हा झाकता येत नाही. तीच गोष्ट नक्षीच्या सिमेंट लाद्यांची. तिथे गरम पाण्याचं फडकं, प्लास्टिकचं पातं आणि बसून करायची चिकाटी. आठवडा लागतो. लागू द्या.

थर निघाला, जमीन झाडूने नव्हे तर व्हॅक्यूमने साफ झाली, की पाण्याचे थेंब शिंपडा. मिनिटभरात ते मुरले आणि जमीन काळपट झाली तर छिद्रं मोकळी आहेत. अळूच्या पानावरच्यासारखे मोती होऊन बसले तर अजून गोंद किंवा तेल आहे, पुन्हा घासा. नंतर ओलीची परीक्षा. अठरा इंच चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून निदान सोळा तास ठेवायचा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा कोबा काळवंडलेला दिसला, तर ओल खालून येते आहे आणि त्यावर दिलेल्या इपॉक्सीला फोड येणार. जुना गोंद कुजून चिकट झाला होता तोही बहुधा याच ओलीने. तळमजल्याची परीक्षा मे महिन्यात घेऊन समाधान मानू नये, शक्य असेल तर ऑगस्टमध्ये घ्यावी. रंग देण्याच्या दिवशी जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश सेल्सिअसने वर असायला हवं. पावसाळी सकाळी ते बऱ्याचदा नसतं, म्हणून अशा दिवशी आम्ही उन्हं वर येईपर्यंत डबे उघडत नाही.

आणि भिंतीलगतची पट्टी. मोठं यंत्र भिंतीपासून तीन-चार इंच अलीकडे थांबतं. तेवढी जागा, खांबांच्या भोवतालची वर्तुळं, दारांचे उंबरे हाताच्या छोट्या ग्राइंडरने, गुडघ्यावर बसून करावे लागतात. दिवस संपत आलेला असतो, माणसं दमलेली असतात, आणि ती पट्टी तशीच रंगवली जाते. काम ताब्यात घ्यायला जाल तेव्हा खोलीच्या मध्यभागी उभे राहू नका. रंग देण्याच्या आदल्या दिवशी जा, पाण्याची वाटी सोबत घ्या आणि थेंब कडेकडेने, कोपऱ्यांत आणि खांबाच्या मुळाशी टाकून पाहा.